चतुराला सांगू नका

दीक्षानं भोंग्याचं बटण दाबून धरलं ते सोडलंच नाही. "हट जा, हट जा रे बाबा," शेजारच्या खुर्चीतला असिस्टंट तेजस काचेला नाक लावून ओरडत होता, जणू रुळांवरच्या माणसाला ते ऐकू जाणार होतं. सिकंदराबादजवळचं विद्यानगर स्टेशन मागं पडलं होतं, मालगाडी वळणावर आली होती, आणि समोर दोन रुळांच्या मधोमध एक म्हातारा माणूस खाली वाकून काहीतरी ओढत होता.

तिचा दुसरा हात केव्हाच ब्रेकवर गेला होता. पाइपातली हवा फुस्सकन बाहेर पडली आणि इंजिनापासून मागं मागं एकेका वाघिणीचे ब्रेक लागत गेले. चाकं किंचाळली. तांदळाच्या पोत्यांनी ठासून भरलेली अख्खी गाडी मागून रेटत होती, आणि इंजिन वेग सोडत होतं तेही नाखुशीनं, तसूतसूनं. माणसानं मान वर केली. दीक्षाला त्याचा चेहरा स्वच्छ दिसला. पांढऱ्या खुंटांची दाढी, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्यावर भीतीपेक्षा नवल जास्त. मग तो बाजूला व्हायला वळला, आणि इंजिनाच्या नाकाखाली जाऊन दिसेनासा झाला.

धक्का बसला नाही. एवढ्या वजनाच्या इंजिनाला तो बसतच नाही. नोकरीला लागली तेव्हा सगळ्या जुन्या ड्रायव्हरांनी तिला हे सांगितलं होतं, आणि ऐकताना तिला त्यातलं काही कळलं नव्हतं.

गाडी थांबली तेव्हा ती जागा बरीच मागं राहिली होती. दीक्षानं वॉकीटॉकीवरून खबर दिली. तेजस खाली उतरून मागं धावला; शेवटच्या डब्यातून गार्डही निघाला होता. चालू इंजिन सोडून ड्रायव्हरनं जायचं नसतं. ती हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसून राहिली. बाजूच्या रुळावरून एक लोकल गेली, तिच्या दारात उभे असलेले लोक वाकून वाकून मागं काहीतरी पाहत होते.

तेजस परत आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाहीला रक्त होतं.

"जिंदा है मॅडम," तो म्हणाला. "एक पैर गया, घुटने के नीचे से. गार्ड साब के डब्बे में लिटाए. काचीगुडा में ॲम्ब्युलन्स खडी है बोले."

तिनं मान हलवली. सिग्नल मिळाला. तिनं ब्रेक सोडला, पाइपात हवा भरेपर्यंत वाट पाहिली आणि गाडी हलवली. आता मागच्या डब्यात तो माणूस होता, म्हणून तिनं ती अशी हलवली की कपातला चहा सांडू नये.

"आपकीच जबान में कुछ बोल रे थे," थोड्या वेळानं तेजस म्हणाला. तो वरंगलकडचा, घरी तेलुगू बोलणारा. "बार बार वहीच. 'चतुराला सांगू नका, चतुराला सांगू नका.' मतलब क्या हुआ मॅडम?"

दीक्षानं समोरच्या रुळांवरची नजर काढली नाही. "चतुरा को नक्को बोलो," ती म्हणाली.

काचीगुड्याला माणसाला उतरवून घेतलं. केशवराव प्लॅटफॉर्मवर आले होते. ते लोको इन्स्पेक्टर, तिला शिकवणारे. पुढं जाशील का, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असं त्यांनी विचारलं. जाते म्हणाली. तांदूळ तिनंच महबूबनगरपर्यंत नेला. उतरताना मात्र इंजिनाच्या शिडीची दांडी धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि तेजसनं दुसरीकडे बघून पाण्याची बाटली पुढं केली.

*

तिच्या वडिलांना, नागोरावांना, बातमी आधीच कळली होती. जन्मभर रुळांवर काढलेला माणूस. परभणीकडून गँगमन म्हणून आले, हातोडा नि पाना खांद्यावर टाकून पूर्णा ते सिकंदराबाद अशी सगळी लाइन पायांनी मोजली, आणि इथंच रिटायर झाले. बायको गेल्यापासून बापलेक दोघंच विद्यानगरच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत राहत. लेक इंजिनावर चढली त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. तिच्या लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि दोनदा मोडली, तेव्हा मात्र ते कुणाला काही बोलले नाहीत. ड्यूटी कधी लागेल नि कधी सुटेल याचा नेम नसलेली सून कुणाला हवी होती?

तिच्यासमोर वरणभाताचं ताट ठेवून ते म्हणाले, "जेव. मग बोल."

ती जेवली नाही. ताटातल्या भाताला बोटानं वाट करत बसली.

"आमच्या गँगमधला एक जण असाच गेला," नागोराव म्हणाले. "कानाशी रेडिओ धरून चालत होता. डायवर उतरून आला, रुळावर बसला अन् लेकरावानी रडला. आम्ही म्हनलं, बाबा, तुजा काय दोस? पन त्यानं ते ऐकलं का नाही, ठाव नाही."

"मग काय झालं त्यांचं?"

"काय व्हनार. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आला. गाडी थोडीच कुनासाठी थांबते."

चार दिवसांची सुट्टी संपवून ती ड्यूटी लावून घ्यायला ड्रायव्हरांच्या लॉबीत गेली तेव्हा तिथं वेगळंच कानावर आलं. त्या माणसाच्या, म्हणजे कुणा अंबाजीच्या, घरच्यांनी पोलिसांना लिहून दिलं होतं: ड्रायव्हरनं भोंगाच वाजवला नाही. माणूस बिचारा रुळाच्या कडेनं चालला होता, गाडी मागून मुकाट आली.

"काळजी करू नको," केशवराव म्हणाले. "इंजिनात सगळी नोंद असते. भोंगा कधी वाजला, ब्रेक कधी लागला, सगळं काढून दिलंय मी. तुझ्या केसालाही धक्का लागत नाही."

"मला त्यांना भेटायचंय."

केशवरावांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. "नाही भेटायचं, बाळा. आपण भेटायला जायचं नसतं. माझ्या हातून किती गेले, मी मोजणं सोडलं. एकाचंही घर पाहिलं नाही म्हणून इथवर आलो. तिथं जाऊन तू काय करणार? माफी मागणार? कशाची?"

भोंगा तिनं इतका वेळ वाजवला होता की तिचा अंगठा दुसऱ्या दिवशीही दुखत होता. पण एक गोष्ट ती कुणाला सांगू शकत नव्हती. त्या माणसाचे ते शब्द गाडीवर दुसऱ्या कुणालाच कळले नव्हते. एक तिलाच कळले होते. आणि कळलेल्या माणसानं ते ऐकून नुसतं गाडी चालवत राहायचं, हे तिला जमत नव्हतं.

*

अफझलगंजच्या सरकारी दवाखान्यात हाडांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. दुपारची भेटीची वेळ. साधा पंजाबी ड्रेस घालून, पिशवीत मोसंबी घेऊन दीक्षा खाटांमधून चालत गेली. ओळखायला वेळ लागला नाही. टोपी नव्हती, पण खुंटं तीच होती. पांघरूण एका बाजूला सपाट बसलं होतं. उशाशी एक ठेंगणी, काळीसावळी बाई स्टुलावर बसून त्याच्या कपाळावरून ओला रुमाल फिरवत होती.

"अंबाजी काका हेच का?" दीक्षानं विचारलं.

मराठी ऐकल्याबरोबर बाईचा चेहरा उजळला. "हेच की. ये बाई, बस. कुनीतरी आपलं बोलनारं आलं. इथं सारं 'क्या होना, क्या होना' चाललंय. माजी तर जीभच वळंना झालीय." तिनं स्टूल पुढं सरकवलं आणि स्वतः खाटेच्या कडेला टेकली. "मी चतुराबाई. ह्यांची मंडळी. तू कुठली गं?"

"परभणीकडचे आम्ही. आता इथंच, विद्यानगरला."

"आमीबी अधिकमेटला. जवळच की. आमचं गाव उदगीरकडं. ह्ये बेगम बाजारात मिरची-हळदीच्या दुकानात काट्यावर असतात. मालक चांगला हाय, दोनदा बघून गेला. कोनाची तू?"

"नागोराव भद्रेंची. दीक्षा."

आडनाव ऐकताच, दीक्षानं आणलेलं मोसंबं सोलणारा चतुराबाईंचा हात क्षणभर थांबला, आणि मग पुन्हा सोलू लागला. त्यांनी एक फोड तिच्या हातावर ठेवली. "खा. उन्हातून आलीस."

अंबाजी डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते; पापण्या हलत होत्या.

"काय सांगू बाई तुला," चतुराबाई बोलायला लागल्या. "माणूस कडंकडंनं चालला व्हता. रूळ वलांडाया पुलावरनं जातो म्हनून मला शबुद दिलेला, पन त्या दिवशी पूल बंद व्हता म्हनं. अन् मागनं ती गाडी. ना भोंगा, ना काय. त्या इंजिनवाल्याला डोळे नव्हते? कान नव्हते? आई-बाप नव्हते? माज्या धन्याचा पाय घेतला त्यानं. त्याचे हात झडले पाहिजेत."

दीक्षानं मोसंब्याची फोड मुठीत धरली. रस बोटांमधून मनगटावर उतरला. इथून उठून जाणं अवघड नव्हतं. आलेलं माणूस कोण होतं, हे यांना कधीच कळलं नसतं.

"मावशी," ती म्हणाली, "ती गाडी मी चालवत होते."

चतुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या हसल्याच. "बाईमानूस इंजिन चालवतं व्हय?"

"मी चालवते. त्या दिवशी मीच होते."

हसू हळूहळू उतरलं. चतुराबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या, जणू एवढं मोठं धूड ते हात कसे हलवतील याचा अंदाज घेत होत्या. मग त्या उठल्या. हातातली सालं त्यांनी पिशवीत टाकली, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि वॉर्डाबाहेर निघून गेल्या.

शेजारच्या खाटेवरचा मुलगा मोबाइलवर काहीतरी बघत होता. पंख्याचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. अंबाजींनी डोळे उघडले.

"ब्रेक मारला व्हता का तुमी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. कित्येक दिवस मनात घोळलेला प्रश्न होता तो.

"मारला होता काका. तुम्ही दिसलात त्याच क्षणी."

"मग थांबली काहून नाही?"

दीक्षानं स्टूल थोडं पुढं ओढलं. "चाक लोखंडाचं, रूळही लोखंडाचा. एक चाक रुळाला टेकतं ती जागा केवढी, तर नाण्याएवढी. म्हणून ते घासत नाही, आणि घासत नाही म्हणूनच एक इंजिन एवढी मोठी गाडी ओढू शकतं. पण जे चालताना घासत नाही ते थांबतानाही घासत नाही. जास्त जोरानं ब्रेक दाबला तर चाक फिरायचं बंद होतं आणि तसंच रुळावरून घसरत जातं."

अंबाजी विचारात पडले. "आमच्या गोदामात फरशीवर हळद सांडली की पोतं ढकलाया लई सोपं जातं," ते म्हणाले. "एक बोट लावलं की चाललं. पन माणूस पळत आला की आपटलाच."

"तसंच. अगदी तसंच."

"मग तुमी काय करता? त्या घसरन्याला?"

"चाकापुढं वाळू सोडतो. इंजिनात पेटीच असते वाळूची. नळीतून रुळावर पडते, मग थोडी पकड येते. ती पण सोडली होती मी. गाडी पुष्कळ हळू झाली होती काका. अजून थोडी जागा असती तर..." तिला पुढं बोलता येईना.

"अन् बाजूला घ्यायला नाही येत?"

"स्टेअरिंगच नसतं. फक्त पुढं जाणं आणि थांबणं, एवढंच आमच्या हातात."

"आसं हाय व्हय," अंबाजी म्हणाले. "मला वाटायचं, एवढं मोठं इंजिन, त्याला सगळंच येत असंल."

त्यांनी दाराकडे नजर टाकली. चतुराबाईंचा पत्ता नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला.

"भोंगा ऐकला मी."

नीट ऐकू यावं म्हणून दीक्षा पुढं वाकली.

"पयलाच ऐकला. बघितलं, तर लांब व्हती. एवढं धूड, येतंय पन जागेवरच उभं हाय असं वाटलं. चप्पल अडकली व्हती रुळाच्या सांध्यात. म्हनलं, तेवढी ओढून घेऊ. ओढली, निघाली न्हाई. पुन्हा ओढली. मान वर केली तर ह्ये, एवढं..." त्यांनी हात वर केला आणि तो हवेत तसाच राहिला. "पूल बिल काही बंद नव्हता. गुडघे दुखतात माजे. रोजच रुळांवरनं जायचो. हिला सांगायचो, पुलावरनं गेलो. आता काय तोंडानं सांगू? तिनं माज्यापायी पोलिसात अंगठा दिला. खोटा दिला, पन तिला कुठं ठाव हाय."

"तुम्ही त्या दिवशीही तेच म्हणत होता," दीक्षा म्हणाली. "चतुराला सांगू नका म्हणून. आमच्या माणसानं ऐकलं. त्याला मराठी येत नाही, त्यानं मला अर्थ विचारला."

"म्या म्हनलो? पाय तुटलेला असताना?" अंबाजींना खरंच नवल वाटलं. मग त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. "बघा आता. मरताना बी मानसाला बायकोचंच भ्याव."

ते हसायला गेले आणि दुखून कळवळले. दीक्षानं उशी सरळ केली.

"तुमच्या नोकरीवर आलं का काही? आलं आसंल तर मी सांगतो साहेबाला. खरं ते सांगतो."

"नाही काका. इंजिनात सगळं नोंदलेलं असतं. माझं काही बिघडलं नाही."

"मग कशाला आलीस पोरी?"

अहो-जाहो कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही. दीक्षानं पांघरुणाच्या सपाट बाजूकडे पाहिलं.

"तुमचा चेहरा दिसला होता मला," ती म्हणाली. "पुन्हा एकदा बघावासा वाटला. बोलताना."

अंबाजींनी मान डोलावली. "मी बी बघितलं व्हतं तुला. काचेमागं. मला वाटलं, बाईच दिसतेय. मग म्हनलं, भास आसंल." जरा थांबून त्यांनी तिचं मनगट धरलं. वजनं उचलून उचलून घट्टे पडलेला, खरखरीत हात. "हिला सांगू नको मात्र."

"नाही सांगणार."

*

दवाखान्याच्या फाटकाजवळ, पानटपरीच्या पलीकडच्या कट्ट्यावर चतुराबाई बसल्या होत्या. समोर दोन कप चहा होता. एकावर दुसरी बशी झाकून ठेवली होती.

"बस," त्या म्हणाल्या.

दीक्षा बसली. रस्त्यावरून बेगम बाजाराकडं पोत्यांनी लादलेली ट्रॉली-रिक्षा कण्हत चालली होती. चतुराबाईंनी बशी काढून कप पुढं केला. चहा गार झाला होता.

"खरं बोलले का ते तुज्याशी?"

दीक्षानं कप हातात घेतला आणि त्यात बघत राहिली. शब्द दिला होता.

"नको सांगू," चतुराबाई म्हणाल्या. "मला ठाव हाय. रोज घरी आले की चपलेच्या तळाला खडी रुतलेली आसायची, काळी, रुळावरची. मी काढून टाकायची. पुलावर कुठनं येनार तसली खडी? पन म्हनलं, गुडघे दुखतात मानसाचे, किती बोलायचं." त्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "एकदा धरून बोलले आसते तर."

"मावशी, त्यात तुमचा..."

"आता पाय नसलेल्या मानसाला काय बोलू? सांग. तोंडातून शबुद निघत न्हाई. अन् बोलल्याबिगर ऱ्हाववत न्हाई. म्हनून इंजिनवाल्याला बोलत व्हते. त्याला कुठं ऐकू जानार व्हतं. तर तूच येऊन समोर बसलीस."

त्यांनी आपला चहा एका घोटात संपवला आणि कप उपडा करून शेवटचे थेंब झटकले.

"हात झडू दे म्हनले मी. ते मागं घेते."

"असू द्या मावशी."

"आसू द्या कसं? घेतलं म्हंजी घेतलं." चतुराबाईंनी तिचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उलटा सुलटा करून पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा होता, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "पोलिसाला सांगून येते उद्या, आमचं चुकलं म्हनून. ह्यांना कळू देत न्हाई. त्येंनी मला फसवलंय एवढंच त्येंच्यापाशी उरलंय, ते कशाला काढून घेऊ?"

दीक्षाला हसू आलं आणि रडूही आलं. त्यातलं काहीच तिनं बाहेर येऊ दिलं नाही. आत वेळ संपल्याची घंटा झाली. शिपाई लोकांना बाहेर काढू लागला. चतुराबाईंजवळ रात्रीचा पास होता. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"पुन्हा त्याच लाइनीवर जातीस का?"

"उद्या सकाळी."

चतुराबाई दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"हळू चालव बाई."

दीक्षाच्या मनात सगळं एकदम आलं. गाडीचा वेग ड्रायव्हर ठरवत नाही, सिग्नल ठरवतो, मागून येणारी गाडी ठरवते. हळू चालवली तर काचीगुड्यापासून सिकंदराबादपर्यंत लोकल खोळंबतात. आणि कितीही हळू चालवली तरी भरलेली मालगाडी समोर आलेल्या माणसापाशी थांबेलच असं नाही. हे सगळं तिनं वर खाटेपाशी नीट सांगितलं होतं, आणि इथंही सांगता आलं असतं.

"हो मावशी," ती म्हणाली.

चतुराबाईंनी समाधानानं मान हलवली. रिकामे कप टपरीवाल्याच्या फळीवर ठेवून त्या फाटकातून आत गेल्या, आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीतून वाट काढत, एका हातानं कठडा धरून, जिना चढू लागल्या.